सुस्त किंवा मेलेला ससा सापडला तर काय करायचं (ऊसतोड, कुत्री, शिकार, सगळ्यांसाठी)

ऊसतोड सुरू झाली की आपल्या सातारा-सांगलीकडं दरवर्षी एकच प्रकार, फड तोडत तोडत शेवटचा चार-पाच सऱ्यांचा तुकडा राहतो आणि त्यात दडलेली सगळी जनावरं एकदम बाहेर पडतात, मुंगूस निघतं, रानमांजर निघतं, कधी बिबट्याची पिल्लं पण निघतात, आणि ससा निघाला की पोरं आणि कुत्री त्याच्या मागं. धडधाकट ससा असला तर तो कुणाच्या बापाच्या हाताला लागत नाही, दोन हुलकावण्या देतो आणि बांध ओलांडून पार पलीकडच्या रानात. जो हाताला लागतो तो बहुतेक वेळा जखमी तरी असतो नाहीतर आजारी. आणि नेमका तोच ससा पोत्यात घालून घरी जातो, घरातलीच बाई उघड्या हातानं तो सोलते साफ करते, आतडी कुत्र्याला टाकते, लहान पोरं बाजूला बसून कातडं हातात घेऊन खेळतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. सहज हाताला आलेला ससा हाच सगळ्यात धोक्याचा ससा, एवढं एक डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी कायद्याचं बोलून घेतो कारण त्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपल्याकडचा रानससा, मानेवर मागच्या बाजूला काळा ठिपका असलेला, हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. बंदुकीनं मारा, फासकी लावा, जाळं लावा, रात्री बाईकवरनं बॅटरी मारून काठीनं मारा किंवा कुत्री सोडा, सगळं शिकारीतच धरतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि सागरेश्वर, कोयना असल्या अभयारण्याच्या नाहीतर चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत केलं तर प्रकरण आणखी जड. लोकांना एक गोष्ट माहीत नसते, मेलेला सापडलेला वन्यप्राणीसुद्धा कायद्यानं सरकारची मालमत्ता असतो, म्हणजे "मी मारला नाही, रस्त्यावर गाडीखाली आलेला उचलला" हे म्हणून सुटका होत नाही. सापडला तर कळवायचं, आणि ताब्यात घ्यावाच लागला तर ४८ तासांच्या आत पोलीस किंवा वनखात्याला सांगायचं असं कायदाच म्हणतो. माझं म्हणाल तर मला कायद्याच्या आधीच हे पटलेलं आहे, माण-खटाव, आटपाडी, जतच्या माळावर ससा कमी झाला की लांडगा, खोकड, घुबड सगळ्यांचं खाणं जातं आणि मग लांडगा मेंढरांवर येतो आणि ओरड आपलीच.

आता आजाराचं. बाहेरच्या देशांत जिथं सशाची शिकार लायसन घेऊन चालते तिथं शिकाऱ्यांना सशाचे आजार शिकवलेच जातात. आपल्याकडं शिकार बंद, त्यामुळं ही माहिती कुणी सांगतच नाही, आणि चोरून मारणारा तर कुणाला विचारत पण नाही. म्हणून तिकडचं इथं सांगतो, तिकडचं तिकडंच आहे हे लक्षात ठेवून वाचा.

सगळ्यात महत्त्वाचा टुलरेमिया, त्याला साध्या भाषेत सशाचा ताप म्हणतात. १९११ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टुलारी नावाच्या काउंटीत खारींमध्ये प्लेगसारखा आजार दिसला, त्यातनं हा जंतू सापडला आणि त्या काउंटीचंच (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नाव त्याला चिकटलं. अमेरिका, युरोप, रशिया, जपान या पट्ट्यात तो आहे, आणि ससे, खारी, उंदीर, गोचीड यांच्यातनं माणसाला होतो. वाईट भाग असा की जंतू दहा-पन्नास एवढेच शरीरात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, इतका तो तिखट आहे. ससा सोलताना बोटाला बारीक चिरा असतील तर तिथनं जातो, रक्ताचा हात डोळ्याला लागला तर डोळ्यातनं, कच्चं राहिलेलं मटण खाल्लं तर घशातनं, गोचीड चावली तर तिच्यातनं. तीन ते पाच दिवसांत, कधी दोन आठवड्यांनी, एकदम थंडी वाजून ताप येतो, जिथनं जंतू आत गेला तिथं फोड होऊन त्याची जखम होते आणि काखेत नाहीतर जांघेत अवधाण (गाठ) येतं. माणसाकडनं माणसाला होत नाही एवढं एक बरं आहे.

फ्रीजचं सांगायचं राहिलं. लोकांचा समज असतो की डीप फ्रीजमध्ये ठेवलं की जंतू मेला, तर हा मरत नाही, गोठवलेल्या सशाच्या मटणात तो वर्षानुवर्षं जिवंत राहिल्याची उदाहरणं आहेत. त्याला मारते ती उष्णता, म्हणून तिकडचे शिकारी मटण आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला जाईल असं शिजवतात, वरनं भाजलं आतनं लाल राहिलं असलं चालत नाही. पण खरी गोची शिजवण्यात नाहीच, आपल्याकडं मटण तसंही रटरटा शिजवतात, खरी गोची त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात आहे, सोलताना आणि साफ करताना. म्हणजे जेवणारा वाचतो आणि सोलणारी बाई आजारी पडते.

अजून एक उदाहरण सांगतो कारण ते आपल्याकडच्या कामाशी जुळतं. २००० साली अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर १५ लोकांना टुलरेमिया झाला, त्यातल्या ११ जणांना तो थेट फुप्फुसात झाला आणि एक दगावला. तपास केला तर त्यांनी ससे मारलेलेच नव्हते, गवत कापायचं मशीन आणि झुडपं कापायचं मशीन चालवणाऱ्यांना जास्त झाला होता, म्हणजे धुरळ्याबरोबर जंतू श्वासात गेला. आपल्याकडं बांधाचं गवत ग्रास कटरनं मारतात, उसाला हार्वेस्टर आलेत, तर कुठलाही आजार असो नसो, मशीनसमोर मेलेलं जनावर पडलेलं दिसलं तर मशीन बंद करा, ते बाजूला काढा आणि मगच पुढं, आणि तोंडाला नुसता रुमाल नको, नीट मास्क लावा.

दुसरा आजार सशांचा रक्तस्रावी आजार, इंग्रजीत आरएचडी म्हणतात. हा विषाणू आहे आणि तो माणसाला होत नाही, हे आधी सांगतो म्हणजे घाबरायला नको. १९८४ साली चीनमध्ये पहिल्यांदा दिसला, जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांमध्ये, आणि तिथनं जगभर पसरला. तो फक्त युरोपी सशांना मारायचा, पाळीव असो नाहीतर रानातला, पण २०१० ला फ्रान्समध्ये त्याचा दुसरा प्रकार निघाला तो रानसशांच्या बऱ्याच जातींना पण लागतो, आणि २०२० मध्ये तो अमेरिकेत न्यू मेक्सिको, ॲरिझोना, टेक्सास असा रानातल्या सशांत गेला. यात ससा सकाळी चांगला असतो आणि संध्याकाळी मेलेला, लिव्हर खराब होतं, रक्त गोठायचं थांबतं, नाकाला रक्त येतं. माणसाला काही होत नसलं तरी माणूसच तो घेऊन फिरतो, बुटाला, सुरीला, कुत्र्याच्या पायाला, गाडीच्या टायरला, आणि मेलेल्या सशाच्या अंगात तो विषाणू महिनोन्महिने टिकतो. ज्यांनी घरी ससे पाळलेत त्यांच्यासाठी हाच आजार सगळ्यात मोठा, त्यांचं खाली वेगळं लिहिलंय.

तिसरा मिक्सोमॅटोसिस, डास आणि पिसवांनी पसरतो, डोळे सुजून बंद होतात, तोंड-कान-गुदद्वार सुजतं. १९५० साली ऑस्ट्रेलियात ससे कमी करायला मुद्दाम सोडला होता आणि सुरुवातीला शंभरातले नव्व्याण्णव मेले. हा पण माणसाला होत नाही. मला तो प्रकारच क्रूर वाटतो, पण आपल्या विषयाला त्याचा उपयोग एवढाच की डोळे सुजलेला ससा फोटोत दिसला तर ओळखू येईल.

सुस्त ससा ओळखायचा कसा

इथं लोकांची गल्लत होते. ससा जागेवर गप्प बसलेला असतो म्हणजे तो आजारी, असं धरू नका. आपला ससा बीळ करत नाही, गवतात नाहीतर ढेकळाच्या आडोशाला अंग बसेल एवढा खोलगट भाग करून दिवसभर त्यात पडून राहतो, कान पाठीला चिकटवलेले, डोळे सताड उघडे, आणि तुम्ही अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाही. तो त्याचा जीव वाचवायचा मार्ग आहे. फरक कळतो तो पुढच्या क्षणाला, पाऊल जवळ पडलं की चांगला ससा स्प्रिंगसारखा उडतो. आजारी ससा तुम्ही दोन-तीन फुटांवर आलात तरी बसून राहतो, किंवा उठतो आणि चार उड्यांत पुन्हा बसतो, मागचे पाय ओढतो, मान एका बाजूला कलती असते, गोल गोल फिरतो. डोळे अर्धे मिटलेले किंवा चिकटलेले, नाकाला शेंबूड किंवा रक्त, मागचा भाग हगवणीनं ओला, केस उभे आणि पाठीचं हाड हाताला लागेल इतकं वर. रात्री रस्त्यावर गाडीच्या लाइटमध्ये ससा थबकतो तो आजारामुळं नाही, उजेडानं दिपतो म्हणून, त्याला बघून लाइट डीप करा, दोन सेकंद थांबा, तो जातो.

कानाकडं बघा, लांबनंच. कुत्र्यानं तोंडात आणलेला एक ससा मी जवळनं बघितला होता, कानाच्या आतल्या बाजूला गोचिडी अशा बसलेल्या की द्राक्षाच्या घडासारख्या एकाला एक चिकटून, काही फुगून करड्या झालेल्या आणि काही अजून बारीक तपकिरी, आणि कुत्र्यानं ससा खाली टाकल्यावर पाच-दहा मिनिटांत त्या कानातनं बाहेर पडून फरशीवर चालायला लागल्या. जनावर थंड पडलं की गोचिडी दुसरं गरम अंग शोधतात, मग ते अंग कुत्र्याचं असो, म्हशीचं असो नाहीतर तुमचं. आपण मेलेला ससा बाईकच्या हँडलला लटकवून आणतो तेव्हा त्या कुठं जातात विचार करा.

नाकातनं रक्त आलं म्हणजे रोगच असं पण नाही. आपल्या भागात मेलेला ससा सापडला की माझा पहिला संशय विषावर जातो. द्राक्षबागेत, उसात, भाजीपाल्यात फवारणी असते, उंदरासाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष टाकलेलं असतं, गोदामात उंदीर मारायच्या वड्या असतात. त्या वड्यांतलं औषध रक्त गोठू देत नाही, त्यामुळं त्यानं मेलेल्या जनावराच्या पण नाकातोंडातनं रक्त येतं, बघून सांगता येत नाही की रोग का विष. फवारणीच्या विषानं मेला असेल तर तोंडाला लाळ-फेस, अंगाला झटके, थरथर. फोरेट, जे आपल्याकडं थिमेट म्हणून चालायचं, ते ३१ डिसेंबर २०२० पासनं बंद झालंय, पण जुनं डबड्यात ठेवलेलं अजून वापरणारे असतील तर त्यांनी ते वापरणं थांबवावं, हात जोडून सांगतो. आणि विषानं मेलेलं जनावर शिजवून विष जात नाही, जंतू उष्णतेनं मरेल पण कीटकनाशक मरत नाही. झिंक फॉस्फाईड खाल्लेल्या जनावराच्या पोटात विषारी वायू तयार होतो, त्याचं पोट बंद खोलीत फाडणं म्हणजे फाडणाऱ्याच्याच जिवाला धोका.

मेलेला सापडला तर

हात लावू नका, पायानं ढकलू नका, आधी फोटो काढा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून, एक फोटो जवळनं आणि एक आजूबाजूची जागा दिसेल असा. आसपास बघा अजून काही मेलंय का, दुसरा ससा, लावे-तितर, मोर, कावळा, मधमाश्या. वेगवेगळ्या जातीची जनावरं एकाच ठिकाणी मेली असतील तर बहुतेक विष, नुसते ससेच मेले असतील तर रोगाचा संशय जास्त, हा काही पक्का नियम नाही पण येणाऱ्या माणसाला सांगायला उपयोगी पडतं. मग वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा किंवा तुमच्या बीटच्या वनरक्षकाला, त्याचा नंबर ग्रामपंचायतीत असतो. वनरक्षक तुमच्यावरच संशय घेईल या भीतीनं लोक फोन करत नाहीत आणि गपचूप ओढ्यात टाकून देतात, असं करू नका, फोन करणाऱ्याची बाजू नेहमीच मजबूत असते, आणि ओढ्याचं पाणी खाली कुणीतरी पितं.

ते येईपर्यंत कुत्री आणि कावळे लागतात. एक मोठी पाटी किंवा घमेलं उपडं टाकून वर दगड ठेवा, नाहीतर बोरीबाभळीच्या काट्या टाका. ससा विहिरीत किंवा शेततळ्यात पडून मेला असेल तर ते पाणी माणसाला-जनावराला देणं बंद करा आणि ग्रामपंचायतीला सांगून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या.

दोन-चार दिवसांत एकाच शिवारात अनेक ससे मेले तर तेवढ्यावर थांबू नका, पशुसंवर्धनच्या १९६२ नंबरला किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पण सांगा. वनखात्याच्या परवानगीनं शवविच्छेदन होतं, आपल्याकडं शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि पुण्यात औंधला पशुरोग अन्वेषण विभाग आहे (पुण्याचं औंध म्हणतोय, खटावचं नव्हे). नमुना ताजा असेल तरच काही कळतं, उन्हात दुपारभर पडलेलं मढं सडलं की लॅबवाला पण काही करू शकत नाही, म्हणून फोन सकाळी दिसलं की सकाळीच.

वनखात्यानं पुरायला सांगितलं आणि माणूस यायला उशीर असला तर हातमोजे घाला, नसतील तर दोन जाड प्लास्टिक पिशव्या हातात घालून त्यातच ससा उचला आणि पिशवी उलटी करून गाठ मारा. खोरं वापरलं तर बरंच. विहीर, बोअर, ओढ्यापासनं लांब, निदान दोन-तीन फूट खोल खड्डा, ससा पिशवीतनं खड्ड्यात सोडा, वर चुना आणि माती आणि त्यावर दगड, नाहीतर रात्री कोल्हं उकरतं. पिशव्या जाळा, खोरं टीसीएल कालवलेल्या पाण्यानं धुवा, टीसीएलमध्ये फिनेल किंवा ॲसिड मिसळू नका, त्याचा वायू छातीला लागतो. हात कोपरापर्यंत साबणानं.

ज्यांनी सोललाच आहे

मी शिकार करा असं सांगत नाहीये, करूच नका. पण हे वाचणाऱ्यात कुणाच्या घरी ससा आधीच येऊन गेलेला असेल तर त्याला गप्प बसवून काय फायदा. तिकडच्या शिकाऱ्यांचा नियम असा, सुस्त ससा मारायचाच नाही, सोलताना रबरी हातमोजे, डोळ्याला हात नाही, आणि पोट उघडल्यावर काळीज (लिव्हर) आणि पानथरीवर (प्लीहेवर) खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसले की तिथंच थांबायचं, पुढं साफ करायचं नाही, खायचं नाही, कुत्र्याला टाकायचं नाही. ठिपके नसले म्हणजे सगळं ठीक असंही नाही, सुरुवातीच्या दिवसांत काही दिसत नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांत कुणालाही ताप आला, बोटावर न भरणारी जखम झाली, काखेत गाठ आली, डोळा लाल होऊन कानापुढं सूज आली, तर डॉक्टरला स्पष्ट सांगा की ससा हाताळला होता किंवा गोचीड चावली होती. ही एक गोष्ट लोक करत नाहीत. शिकारीची केस होईल म्हणून डॉक्टरपासनं लपवतात आणि डॉक्टर बिचारा व्हायरल, टायफॉइड असं धरून गोळ्या देत राहतो. डॉक्टर वनखात्याचा माणूस नसतो. "शेतात मेलेला ससा उचलला होता" एवढं एक वाक्य पुरतं. टुलरेमियाला पेनिसिलीन चालत नाही, स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन, डॉक्सीसायक्लीन असली औषधं लागतात, म्हणजे माहिती दिली नाही तर औषधच चुकतं. आणि माहिती दिल्यावर डॉक्टरच्या डोक्यात आपल्याकडचे आजार पण येतात, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा स्क्रब टायफस आहे, २०१८ ला नागपूरकडं त्यानं माणसं दगावली, त्यात चावलेल्या जागी काळी खपली दिसते आणि लोक ती बघतच नाहीत कारण ती काखेत नाहीतर कमरेच्या नाडीखाली असते. माकडताप आहे, १९५७ ला कर्नाटकात शिमोग्याकडं सापडला आणि २०१६ पासनं आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला आलाय, तो पण गोचिडीनंच. औषध मनानं मेडिकलमधनं आणून खाऊ नका, डॉक्टरला ठरवू द्या.

गोचीड चिकटली असेल तर रॉकेल, चुना, पेटती काडी काही लावू नका, ती घाबरून पोटातलं सगळं जखमेत ओकते. बारीक चिमटा घ्या, कातडीच्या अगदी जवळ तोंडाशी पकडा, सरळ हळू ओढा, पिळू नका, फिरवू नका. निघाली की नखावर चिरडायची सवय असते आपल्याला, ती सोडा, टेपवर चिकटवा किंवा साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. जागा साबणानं धुवा आणि तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा, पुढं ताप आला तर डॉक्टरला सांगता येते.

कुत्र्यांचं

सशामागं धावणारी कुत्री आपल्याकडं कौतुकाची, पण धोका आधी त्यांनाच. सशाच्या पोटात आतड्याच्या बाजूला वाटाण्याएवढ्या पाण्याच्या पारदर्शक पिशव्या दिसतात कधी कधी, लोक त्याला चरबी समजतात, त्या पट्टकृमीच्या अळ्या असतात, कुत्र्यानं कच्ची आतडी खाल्ली की कुत्र्याच्या पोटात त्याचा लांबलचक जंत होतो, मग त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतनं गवतावर, तिथनं परत सशाला. म्हणून आतडी कच्ची टाकायची नाहीत, कुठल्याच जनावराची, मेंढराची तर अजिबात नाही. धनगर मंडळींना मेंढराची चक्री माहीत आहे, मेंढरू एका बाजूला मान टाकून गरगर फिरतं, तो पण कुत्र्याच्या जंताचाच खेळ आहे, मेलेल्या मेंढराचं डोकं कुत्र्याला टाकल्यानं चालू राहतो. कळपातल्या कुत्र्याला पशुवैद्यकाला विचारून ठरलेल्या अंतरानं जंताचं औषध द्या आणि दरवर्षी रेबीजचं इंजेक्शन, आणि गोचिडीचं औषध पण त्यांच्याकडनंच घ्या, पिकावरचं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला चोळू नका, कुत्री मरतात त्यानं.

कुत्र्यानं ससा धरलाच तर ओरबाडून काढायला जाऊ नका, दुसऱ्या खाण्यानं सोडवा, तोंड पाण्यानं धुवा, त्याला दोन दिवस घरातल्या लहान पोरांच्या अंगाखांद्यावर येऊ देऊ नका आणि कान-पंज्यांत गोचिडी बघा.

घरी पाळलेले ससे असतील तर

न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, असे जे पिंजऱ्यातले ससे आपण पाळतो ते युरोपी सशाच्या वंशातले, रानसशाचे लांबचे भाऊबंद. आरएचडी आणि मिक्सोमॅटोसिस या दोन्हींना ते फार कच्चे. त्यामुळं जिथं रानससा मेलेला दिसला तिथला चारा, लसूणघास, हरळी काही पिंजऱ्यात आणायचं नाही. शेतातली चप्पल बाहेर, शेडमध्ये वेगळी चप्पल. बाजारातनं नवीन ससा आणला की सरळ जुन्यात सोडू नका, महिनाभर वेगळ्या जागी, त्याचं पाणी-भांडं वेगळं, आणि आधी जुन्यांना खाणं घालून मग नव्याकडं जायचं, उलटं नाही. शेडला डासजाळी लावा. ससा एकदम मेला तर कोंबडीसारखं "बदलून दुसरा आणू" करू नका, उरलेल्या सशांची खरेदी-विक्री थांबवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. पाळलेला ससा शेतात मोकळा सोडून देणं हे तर कधीच नको, रोग रानात जातो तो असाच.

शेवटी पिल्लांचं, कारण ऊसतोडीत ती फार सापडतात. रानसशाचं पिल्लू जन्मताच डोळे उघडं आणि अंगावर केस घेऊन येतं, आणि आई त्याला दिवसभर एकटंच ठेवते, मुद्दाम, तिच्या वासानं कोल्हं येऊ नये म्हणून, अंधार पडता पडता येऊन दूध पाजून जाते. त्यामुळं एकटं गप्प बसलेलं पिल्लू आजारी नाही आणि अनाथ पण नाही, ते घरी नेऊन गाईचं दूध पाजलं की बहुतेक मरतंच. तोड चालूच असेल तर हातमोजा किंवा पाचटाची जुडी मध्ये धरून उचला, जवळच्या न तोडलेल्या सरीत नाहीतर बांधाच्या गवतात सावलीला ठेवा, कुत्री बांधून घ्या आणि संध्याकाळपर्यंत तिकडं कुणी जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पण तिथंच आणि मरगळलेलं दिसलं, किंवा अंगावर जखम असेल, तर १९२६ ला फोन.